शॉकअप आधी की बुश आधी? खान्देशातल्या फोर-बाय-फोर पिकअपसाठी निवड

गाडी खडखडायला लागली की आपल्याकडे पहिला खर्च शॉकअपवर होतो. माझे मत उलट आहे. आधी बुश बघा, म्हणजे चाकाच्या जोडांत बसवलेली रबराची किंवा प्लास्टिकची नळीसारखी गादी. चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या आर्मचा किंवा वजन पेलणाऱ्या पाट्याच्या कडीतला बुश सैल असेल, तर चाकाचा पहिला हिसका त्या फटीतच जिरतो आणि शॉकअप हलायच्या आत दणका चॅसीला बसलेला असतो. अशा गाडीला कितीही महागडा शॉकअप लावा, आठवड्यात तीच खडखड परत ऐकू येईल. गॅरेजात टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून प्रत्येक जोड हलवून पाहायला मिस्तरीला सांगा. चिरलेले रबर लगेच दिसते.

आता बुश रबरी घ्यायचा की पॉलीयुरेथेन या कडक प्लास्टिकचा (पॉलीचा), हा खरा पेच. रबरी बुश त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. आर्म वरखाली झाला की रबर स्वतः पिळते, नळीवर घसरत नाही. म्हणून त्याला ग्रिस लागत नाही, धूळ शिरायला फट नसते, आणि एक चाक दगडावर चढले की आर्मला तिरके व्हायला जागा मिळते. पॉलीचा बुश नळीभोवती फिरतो. तो कडक असल्याने स्टिअरिंग नेमके वाटते, भरल्या गाडीत मागचा भाग कमी डोलतो आणि तेल-ग्रिस लागून तो रबरासारखा फुगत नाही. पण खडीचा प्रत्येक दणका तो केबिनपर्यंत पोचवतो. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात मुरमाची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल नळी आणि बुशच्या मधे शिरतो, मग कुईकुई सुरू होते. ती थांबवायला बुश उघडून, पुसून, सिलिकॉनचे ग्रिस भरावे लागते. हे काम दर पावसाळ्यानंतर करायची तयारी नसेल तर पॉलीच्या वाटेला जाऊ नका.

मी सगळीकडे एकच बुश घालणार नाही. पुढच्या आर्मना रबर. मागच्या पाट्यांना आणि ते चॅसीला टांगणाऱ्या शॅकलला, गाडी केळीचे घड किंवा फवारणीची टाकी रोज वाहत असेल तर पॉली चालेल. वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला पॉली निर्धास्त घाला. २०२० नंतरच्या थारसारख्या, मागे पाट्यांऐवजी कॉईल स्प्रिंग असलेल्या गाडीत मात्र एक्सल धरणाऱ्या मागच्या लिंकना रबरच हवे, नाहीतर एक्सल मोकळा तिरका होत नाही आणि नाल्यात चाक हवेत राहते.

शॉकअपमध्ये मुख्य दोन जाती. ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. ओल्ड मॅन एमूचा नायट्रोचार्जर या जातीचा. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि तेलापासून वेगळा ठेवलेला नायट्रोजन मोठ्या दाबाने भरलेला. बिल्स्टीन ५१०० हा त्यातला. मोनोट्यूबमधल्या तेलाची उष्णता सरळ बाहेरच्या नळीतून हवेत जाते, तेलाला फेस येत नाही, म्हणून लांब खडबडीत रस्त्यावर तो दमत नाही. उणीव एकच, पण मोठी. बाहेरची नळी हीच पिस्टनची वाट. ओढ्यातला दगड लागून तिला पोचा पडला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबची बाहेरची नळी पोचा सोसून घेते, आतली शाबूत राहते. फोम सेल हा ट्विन ट्यूबचाच प्रकार. त्यात दोन नळ्यांमधल्या गॅसऐवजी फोम असल्याने तेलात हवा मिसळत नाही.

जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांची भीती घालून मोनोट्यूब विकला जातो, ते मला पटत नाही. शॉकअप उन्हाने फारसा तापत नाही, वेगाने वरखाली होऊन तापतो. धडगाव-मोलगीकडच्या कच्च्या वाटा, यावल-रावेरच्या वरची जंगलवाट, इथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते आणि दगड खालून लागतात. तिथे ट्विन ट्यूब किंवा फोम सेलच शहाणपणाचा. मुरमाच्या सऱ्या पडलेल्या वाटेवर तासन्‌तास वेगात जायचे असेल, तर मोनोट्यूबचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

ओझ्याने गाडी मागून खाली बसली म्हणून कडक शॉकअप घेणे साफ चूक. वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त हेलकावा आवरतो. गाडी उंच न करता लांब शॉकअपही घालू नका. चाक फार वर आले की अडवणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, टेकायच्या आधी तो आतून आपटतो आणि फुटतो. गाडी उंच करायची म्हटली, तर गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरचे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आडवे येते, हे आरटीओत आधी विचारून घ्या.

बसवताना एका गोष्टीवर अडून राहा. रबरी बुशचे बोल्ट चाके लटकत असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी असताना आवळले नाहीत, तर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. शॉकअप नेहमी जोडीने बदला. ट्विन ट्यूब बसवण्याआधी उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघते. मोनोट्यूबचा रॉड दाबून धरणारा पट्टा कापताना तो रॉड जोराने बाहेर येतो, तोंड बाजूला ठेवा. पुढचे आर्म उघडले असतील तर चाकांची अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.