आठ महिने दिव्याजवळ विचारलेला एक प्रश्न: आमच्या घरचा अनुभव

आम्ही फलटणचे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला येते, तेव्हा ओट्यावर पाण्याचं पिंप आणि केळी मांडून ठेवायची पद्धत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मुलांच्या हातात तांब्या दिला. थोरली सात वर्षांची, धाकट्याला नुकतं चौथं संपलेलं. थोरलीने एका म्हाताऱ्या वारकऱ्याला पाणी दिलं. ते पाणी प्यायले, वाकून तिच्या पाया पडले, "माउली" म्हणाले आणि दिंडी गाठायला निघून गेले. ती तांब्या धरून तिथेच उभी.

रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आजोबा एवढे मोठे, मग माझ्या पाया का पडले?" वारीत सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, समोरच्यात देव आहे असं मानून नमस्कार करतात, एवढं मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी पाणी दिलं ते देवाला आवडलं? अजून काय आवडतं त्याला?"

आषाढी एकादशीपासून आम्ही याच प्रश्नाला धरून रोज थोडा वेळ काढायला लागलो. आता होळी झाली. आठ महिन्यांत काय जमलं आणि काय फसलं ते लहान मुलांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे.

सुरुवात चिंचोक्यांनी केली. देव्हाऱ्याशेजारी लोणच्याची रिकामी बरणी ठेवली. दिवसात कुणाला मदत केली, कुणाशी प्रेमाने वागलं की संध्याकाळी बरणीत एक चिंचोका टाकायचा, बरणी भरली की देवाला आवडेल असा शिरा करायचा. पहिला आठवडा घर अगदी गोकुळ झालं. दुसऱ्या आठवड्यात थोरली एका दिवसाचे अकरा चिंचोके मागायला लागली. धाकटा तिच्या हातातली पिशवी ओढून घ्यायचा आणि "मी नेणार, माझा चिंचोका" म्हणून रडायचा. एकदा तर आजीचा चष्मा त्यानेच लपवला आणि त्यानेच शोधून दिला. पाच आठवड्यांनी मी बरणी उचलून माळ्यावर टाकली.

नंतर वाचनात आलं की असा प्रयोग रीतसर झालेला आहे. जर्मनीत वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २० महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत केल्यावर ज्या बाळांना बक्षीस म्हणून वस्तू दिली, ती पुढे कमी मदत करायला लागली. ज्यांना नुसती शाबासकी दिली किंवा काहीच दिलं नाही, ती मात्र करत राहिली. आमच्या बरणीत हेच घडत होतं. देवाला काय आवडतं हे मागे पडलं होतं आणि मुलांच्या डोळ्यांपुढे फक्त चिंचोका उरला होता.

मग मोजणं सोडलं आणि प्रश्नही बदलला. "आज काय चांगलं केलंस?" असं विचारलं की मूल स्वतःची फुशारकी मारतं किंवा आठवत नाही म्हणून खट्टू होतं. आता दिवेलागणीला निरांजन लावून शुभंकरोती झाली की आम्ही विचारतो, "आज देव कुठे भेटला?" उत्तर कुणाबद्दलही चालतं. "वर्गातल्या मुलीने तिच्या डब्यातला अर्धा लाडू मला दिला, तिच्यात भेटला." "भांडीवाल्या मावशींना पाणी दिलं, तेव्हा त्या हसल्या, तिथे भेटला." मुलं दुसऱ्याचा चेहरा बघायला लागली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. "आज नाही भेटला" हेही उत्तर चालतं, त्यावर कुणी काही बोलत नाही.

अट एकच, मोठ्यांनीही उत्तर द्यायचं. हे फार जड जातं. एका संध्याकाळी मी भाजीवाल्या मावशींचं नाव घेतलं, त्यांनी कडीपत्ता जास्तीचा घातला होता म्हणून. थोरली पटकन म्हणाली, "पण तू तर त्यांच्यावर ओरडलीस, दोन रुपयांसाठी." खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन गेले आणि मावशींची माफी मागितली. त्या संकोचल्या, मीही. पण त्यानंतर थोरली स्वतःच्या चुका दिव्याजवळ आपणहून सांगायला लागली.

गोष्टींचा आधार मोठा झाला आणि त्या सगळ्या सासूबाईंकडच्या. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं गंगाजल एकनाथांनी वाळूत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट ऐकून थोरलीने विचारलं, "मग रामेश्वराला काय मिळालं?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला तिथंच पोचलं की गं." धाकट्याची आवडती गोष्ट नामदेवांची. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मदतीपेक्षा मनाची वृत्ती मुलाला समजावणं कठीण, पण या गोष्टीने ते काम सोपं केलं. आता तो तोंड फुगवून ताईला खडू द्यायला लागला की आम्ही हळूच विचारतो, "कोरडी पोळी की तूप लावून?" कधी हसतो आणि नीट देतो. कधी खडू फेकूनच देतो. थोरलीवर गाडगेबाबांचा जास्त परिणाम झाला. गावात आल्यावर आधी हातात खराटा आणि संध्याकाळी कीर्तन, हे तिला फार पटलं. गणपतीच्या दिवसांत आरतीआधी मांडवासमोरचा कचरा ती न सांगता गोळा करायची.

आता जे सगळ्यात अवघड गेलं ते. आमच्याकडे "बाप्पा रागावेल", "बाप्पा शिक्षा करेल" ही वाक्यं सहज तोंडात असतात. सासूबाईंच्याही होती, माझ्याही. नोव्हेंबरमध्ये धाकट्याने ताईला चावा घेतला आणि त्याच रात्री त्याला ताप भरला. मी कपाळावर पट्टी ठेवत होते तर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाप्पाने दिला का ताप?" मला काय बोलावं सुचेना. सासूबाई उठून त्याच्या उशाशी बसल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "नाही रे माझ्या सोन्या, बाप्पा ताप देत नाही. तो तुझ्या आईच्या हातात आहे, पट्टी ठेवतोय बघ." त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य सोडलं, मला एक शब्दही सांगावा लागला नाही. तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर आधी घरातली ही धाकाची वाक्यं काढा. चुकलं तर ज्याला लागलं त्याच्याकडे जाऊन "दुखलं का?" विचारायचं आणि फुंकर घालायची, एवढं चार वर्षांच्या मुलाला पुरतं.

भावंडांची भांडणं थांबलेली नाहीत, रिमोटवरून रोज होतात. दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत प्रश्न पंधरा दिवस राहूनच गेला, पुन्हा सुरू करायला वेळ लागला. रोज पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त ताणलं की धाकटा वातीशी खेळायला लागतो, म्हणून आता निरांजन उंचावर ठेवतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हा प्रश्न कळेल असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे नुसतं वागून दाखवावं.

परवा होळीची पोळी करताना धाकटा ओट्याशी येऊन उभा राहिला. पहिली पोळी नैवेद्याची, ती ताटात काढून ठेवली. तो म्हणाला, "एक कचरागाडीच्या काकांना. आणि तूप जास्त." सकाळी गाडीचं गाणं ऐकू आल्यावर डबा हातात घेऊन तो अनवाणीच जिना उतरला, मी चप्पल घेऊन मागे.