फुटबॉल मॅनेजर २०२४ : हातातले खेळाडू आणि मनातली शैली

"पोरं वाईट नाहीत, कोचच्या गेमला बसत नाहीत," हे वाक्य कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एखाद्या तालीम मंडळाच्या पराभवानंतर हमखास ऐकू येते, आणि मँचेस्टर युनायटेड हरल्यावर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चर्चेतही तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत फिरत असते. बोलणाऱ्याला त्यासाठी पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही तो मागावासा वाटत नाही. प्रशिक्षकाची शैली आणि त्याच्या हातातले खेळाडू यांचा मेळ बसतो की नाही, हे स्वतः पारखून पाहण्याची सोय 'फुटबॉल मॅनेजर २०२४' या, क्लबचे प्रशिक्षकपद सांभाळण्याच्या, संगणकावरच्या खेळात आहे असे म्हटले जाते. हे परीक्षण त्या एकाच दाव्यापुरते आहे. चित्रांचा दर्जा, प्रेक्षकांचा आवाज, टाळ्या वगैरे बाबी सामान्य आहेत आणि त्यासाठी हा खेळ कोणी घेतही नाही.

स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तयार केलेली आणि सेगाने प्रकाशित केलेली ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. पुढची, म्हणजे २०२५ ची आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २०२६ च्या आवृत्तीत चेंडू ताब्यात असतानाची रचना आणि नसतानाची रचना स्वतंत्रपणे ठरवता येते ही मोठीच सुधारणा असली, तरी तिची नवी मांडणी हा खेळ खेळणाऱ्या अनेक जुन्या लोकांच्या पचनी पडलेली नाही. त्यामुळे २०२४ ची आवृत्ती अजूनही नेटाने खेळणारे पुष्कळ आहेत, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या खेळात प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या मापावर दिलेले असतात. पासिंग, टॅकलिंग, वेग, दम हे दिसणारे गुण झाले. सातत्य, दडपण सोसण्याची ताकद, दुखापतीची शक्यता यांसारखे काही गुण मात्र पडद्याआड ठेवलेले असतात आणि ते प्रशिक्षकांच्या व स्काउटच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) अहवालांतून ताडावे लागतात. तुम्ही एखादी शैली निवडता (गेगेनप्रेसिंग म्हणजे चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणे, टिकी-टाका म्हणजे छोट्या पासेसचा खेळ, विंगवरून खेळ, थेट लांब चेंडू, कातेनाच्चो म्हणजे कडेकोट बचाव अशा तयार शैलींची यादीच दिलेली आहे), मग मैदानावरील प्रत्येक जागेला एक भूमिका आणि बचाव, साहाय्य किंवा आक्रमण अशी एक जबाबदारी नेमून देता. त्या भूमिकेला समोरचा खेळाडू किती जुळतो हे एका लहानशा वर्तुळाने दाखवले जाते. वर्तुळ हिरवे भरलेले असेल तर उत्तम, अर्धेमुर्धे किंवा लालसर असेल तर विचार करा, असा त्याचा सरळ अर्थ.

ही सोय किती खरी आहे हे पाहण्यासाठी मी जाणीवपूर्वक अवघड प्रकरण निवडले. परवान्याच्या कारणाने या खेळात मँचेस्टर युनायटेडचे नाव 'मॅन यूएफसी' असे दिसते, पण खेळाडू तेच आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यातला तो संघ मी ३-४-२-१ (तीन बचावपटू, त्यांच्यापुढे चार, मग दोन आणि टोकाला एक) या रचनेत उतरवला, म्हणजे पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक रुबेन अमोरीम पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबहून युनायटेडकडे जी रचना घेऊन आले तीच. रचना टाकताच पडद्यावर जे दिसले त्यात अमोरीम यांच्या पहिल्या हंगामाचे निदान बऱ्याच अंशी आधीच लिहून ठेवल्यासारखे होते. संघाकडे कडेने धावणारे विंगर भरपूर, पण या रचनेत विंगरला जागाच नाही. तिथे हवा असतो तो संपूर्ण बाजू एकट्याने सांभाळणारा विंग-बॅक आणि स्ट्रायकरच्या मागे आतल्या बाजूला खेळणारे दोन दहा क्रमांकाचे खेळाडू. राशफोर्ड, गार्नाचो, अँटनी ही नावे एकेक करून विंग-बॅकच्या जागी ओढून पाहिली की वर्तुळे फिकी पडत जातात, आणि आतल्या दोन जागांवर ठेवली तर ब्रुनो फर्नांडिसला आणखी मागे न्यावे लागते. मातीतल्या पैलवानाला एकदम मॅटवर उतरवल्यासारखी ही अवस्था आहे : ताकद तीच, पण पाय कुठे रोवायचा तेच बदललेले.

प्रत्यक्षात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेड ४२ गुणांसह पंधराव्या स्थानी राहिला आणि मे महिन्यात बिल्बाओ येथे झालेल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून १-० असा हरला. हंगामाच्या मध्यावर लेच्चेकडून पॅट्रिक डोर्गू या विंग-बॅकची खरेदी करावी लागली, तर राशफोर्डला अ‍ॅस्टन व्हिलाकडे उसने द्यावे लागले. या घटनाक्रमाकडे पाहिले तर वर्तुळांनी बरोबर सांगितले असे म्हणावे लागेल. मात्र अमाद दियालोचे उदाहरण समोर आले की वर्तुळांवरचा विश्वास थोडा डळमळतो. मुळात विंगर असलेला हा मुलगा उजव्या विंग-बॅकच्या जागी अमोरीम यांच्या सर्वांत उपयुक्त खेळाडूंपैकी एक ठरला. गुणांची बेरीज जे सांगत नाही, ते त्याच्या मागे धावत परतण्याच्या तयारीने भरून काढले. खेळात 'वर्क रेट' (मेहनतीची तयारी) हा गुण आहे, हे मान्य; पण वर्तुळ बघून निवड करणाऱ्याचे लक्ष त्या एका आकड्यावर सहसा जात नाही.

माझ्या मते या खेळातला सर्वांत मोलाचा भाग वर्तुळांत नसून सामन्याच्या चित्रणात आहे, आणि बहुतेक खेळणारे नेमका तोच भाग 'मुख्य क्षण' एवढेच पाहून उरकतात. पूर्ण सामना संथ गतीने, वरच्या कॅमेऱ्यातून पाहावा. माझा डावा विंग-बॅक म्हणून लावलेला विंगर प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या फुलबॅकच्या मागे परत येत नव्हता. त्यामुळे तीन सेंटर-बॅकपैकी (मधल्या बचावपटूंपैकी) डावीकडचा बाहेर ओढला जात होता, मधला त्याच्या मागे सरकत होता, आणि त्या दोघांच्या मध्ये जी फट पडत होती तिच्यातून त्यांचा स्ट्रायकर निवांत आत शिरत होता. आकडेवारीच्या पानावर हा गोल सेंटर-बॅकच्या चुकीने झाला असे दिसते. सामना पाहिला की चूक त्याच्यापासून वीस-पंचवीस पावले दूर, बाजूच्या रेषेजवळ घडली होती हे कळते. शैली आणि खेळाडू यांचा मेळ बसला नाही की दोष कोणाच्या नावावर जमा होतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन सामान्य प्रेक्षकाच्या हाती नाही.

उणीव इथूनच सुरू होते. वर्तुळ एका खेळाडूचे आणि एका भूमिकेचे नाते सांगते. शेजारी कोण उभा आहे याने त्या भूमिकेचा अर्थ बदलतो हे ते सांगत नाही. २०१८-१९ मध्ये प्रशिक्षक मौरिझिओ सारी चेल्सीत आले तेव्हा त्यांनी नापोलीहून जॉर्जिन्योला आणून मधल्या फळीच्या तळाशी बसवले आणि एन्गोलो कान्तेला त्याच्या उजवीकडे, पुढे सरकवले. तेव्हा जगातला सर्वांत चांगला चेंडू हिसकावणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्राजवळ काय करतो आहे, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. तो हंगाम चेल्सीने तिसऱ्या स्थानावर आणि युरोपा लीगच्या विजेतेपदासह संपवला, तरीही मँचेस्टर सिटीविरुद्धचा ६-० हा पराभव आणि कान्तेच्या जागेवरून झालेली टीका हेच लोकांच्या अधिक लक्षात राहिले. या खेळात कान्तेला मधल्या जागेवर, पुढे धावण्याच्या भूमिकेत टाकले तर वर्तुळ फारशी कुरकूर करणार नाही. जोडीचा विचार तुम्हालाच करावा लागतो.

याच्या उलट उदाहरण आर्ने स्लॉट यांचे आहे, आणि ते मला अधिक विचारात पाडते. २०२४ च्या उन्हाळ्यात आधीचे प्रशिक्षक क्लॉप यांनी घडवलेला लिव्हरपूलचा संघ त्यांच्या हाती आला. तळाच्या मध्यरक्षकाच्या जागेसाठी मार्टिन झुबिमेंडीला आणण्याचा क्लबचा प्रयत्न फसला आणि त्या हंगामात मैदानावर उतरलेला नवा चेहरा म्हणजे फक्त फेदेरिको चिएसा. स्लॉट यांनी रायन ग्राव्हेनबेर्ख या पुढे चेंडू घेऊन जाणाऱ्या मध्यरक्षकाला तळाशी आणले आणि ८४ गुणांसह प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले. ग्राव्हेनबेर्ख या खेळात आहे. पण त्याच्याकडे पाहून 'हाच आपला तळाचा मध्यरक्षक' असे ठरवण्याचे धाडस वर्तुळांवर विसंबून राहणारा कोणीही करणार नाही. खेळाडूला नव्या जागेचा सराव देण्याची सोय इथे आहे, तो हळूहळू जमवूनही घेतो, तथापि ही प्रगती पट्टी भरत जावी तशी एकाच चालीने होते. प्रत्यक्षात ती कधी दोन सामन्यांत होते, तर कधी जन्मभर होत नाही.

दुसरी तक्रार पैशांची आहे. मोठा क्लब घेतला की खेळाडू जुळत नाहीत हा प्रश्न एका उन्हाळ्यात विकत घेऊन सोडवता येतो आणि मग परीक्षा कसली, हेच कळेनासे होते. पेप ग्वार्दिओला यांनीही २०१६ मध्ये सिटीत आल्या आल्या गोलरक्षक जो हार्टला दूर करून पायाने खेळणारा क्लाउदिओ ब्राव्हो आणला आणि तो अपेक्षेला उतरला नाही म्हणून पुढच्या वर्षी एडर्सनला आणले, हे खरे आहे. परंतु ती चैन फार थोड्या प्रशिक्षकांच्या नशिबी असते, आणि तिथेही मधले एक वर्ष वाया गेलेच.

सुदैवाने यावर उपाय खेळातच आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. नवा डाव सुरू करताना प्रगत पर्यायांमध्ये पहिल्या ट्रान्सफर विंडोतील (खेळाडूंच्या व्यवहाराच्या ठरावीक काळातील) खरेदी-विक्री बंद ठेवण्याची सोय आहे. ती निवडली की पहिले काही महिने जे पदरात पडले आहे त्याच्यावरच भागवावे लागते. तेव्हा ड्रेसिंग रूमची उतरंड, खेळाडूंचे आपापसातले गट, कप्तानाला बसवले तर कोण कोण नाराज होईल, या एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टी अचानक महत्त्वाच्या होतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमोरीम यांनी राशफोर्ड आणि गार्नाचो यांना मँचेस्टर डर्बीसाठी संघाबाहेर ठेवले आणि सामना २-१ असा जिंकला. असा निर्णय या पर्यायाखाली घेऊन पाहिला की सामना जिंकला तरी तो किती महाग पडतो हे पुढच्या काही आठवड्यांच्या तक्रारींवरून समजते.

भारतीय स्पर्धांचाही या खेळात समावेश आहे, आणि शैलीचा कस पाहायचा असेल तर मी युरोपातल्या बड्या क्लबांपेक्षा त्यांचीच शिफारस करीन. पैसा कमी, निवड मर्यादित, दमाचे आकडे बेताचे. अशा संघाला गेगेनप्रेसिंग शिकवायला निघालेल्या उत्साही प्रशिक्षकाची साठाव्या मिनिटानंतर काय गत होते ते पाहण्यासारखे असते. कोल्हापूरकराला हे दृश्य नवे नाही. उन्हात सुरू झालेल्या सामन्यात सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणारा संघ उत्तरार्धात कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तेव्हा गॅलरीतून जे शब्द येतात ते इथे छापण्यासारखे नसतात. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांसारख्या आपल्या संघांत पेठेची आणि तालमीची निष्ठा अजूनही मोठी आहे. तिथे प्रशिक्षकाला शैलीनुसार खेळाडू शोधण्याऐवजी बऱ्याचदा खेळाडू पाहून शैली बेतावी लागते. आपली स्थानिक लीग या खेळाच्या मूळ माहितीसाठ्यात नाही, हे अपेक्षितच होते. सोबत मिळणाऱ्या एडिटरच्या साहाय्याने ती उभी करता येईल, पण ते चिकाटीचे काम आहे आणि त्यात भरलेले आकडे शेवटी भरणाऱ्याच्या पेठेवर अवलंबून राहतील.

बाकीच्या दोषांविषयी थोडक्यात लिहितो. पत्रकार परिषदेतले प्रश्न लवकरच पाठ होतात आणि ते सहायकावर सोपवलेले बरे. खेळ मराठीत नाही, त्यामुळे भूमिकांच्या इंग्रजी नावांचा अर्थ लागेपर्यंत नवख्याची दमछाक होते. पुष्कळ देशांच्या लीग एकाच वेळी चालू ठेवल्या तर साध्या लॅपटॉपवर एक आठवडा पुढे सरकायला चहा करून येण्याइतका वेळ लागतो. दोन-तीन देशांवर समाधान मानावे.

ज्यांना केवळ करंडक जिंकायचे आहेत त्यांना २०२४ ची आवृत्ती आजही भरपूर आनंद देईल, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. ज्यांना संघाची घडण समजून घ्यायची आहे त्यांनी वर्तुळांकडे फक्त पहिल्या दिवशी पाहावे, खरेदी बंद ठेवून निदान जानेवारीपर्यंत तग धरावा आणि हरलेला प्रत्येक सामना पूर्ण पाहावा. २०२६ ची आवृत्ती घ्यावी का, असे विचाराल तर दोन रचनांच्या सोयीमुळे ती या विषयाला अधिक न्याय देते, कारण चेंडू ताब्यात असताना शोभणारा खेळाडू चेंडू गेल्यावर कुठे उभा राहतो हे तिथे वेगळे तपासता येते. पण जुनी ज्याच्याकडे आहे त्याने नवीचे अपडेट येऊन मांडणी जरा सुधारेपर्यंत थांबायला हरकत नाही.