ए प्लस आणि एमडी-१०२ करून आठ महिने झाले, हेल्पडेस्कवर खरंच काय कामी आलं ते सांगते

मी इंदूरला राहते, रामबागेत. बीकॉम झालंय आणि विजय नगरच्या एका ऑफिसात आयटी सपोर्टला आहे, तिसरं वर्ष चालू आहे. एल-वन, म्हणजे सपोर्टची पहिली पायरी: फोन उचलायचा, तिकीट काढायचं, पासवर्ड रिसेट, प्रिंटर, आउटलुक उघडत नाही, व्हीपीएन लागत नाही, दिवसभर हेच. पहिलं वर्ष असंच गेलं आणि मग वाटायला लागलं की पुढे सरकायचं तर काहीतरी सर्टिफिकेट हवं, पण कुठलं हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी दोन केली: ए प्लस, म्हणजे कॉम्पटिया या संस्थेचं कॉम्प्युटर सपोर्टचं सर्टिफिकेट, आणि एमडी-१०२, म्हणजे ऑफिसातले पीसी-लॅपटॉप सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची परीक्षा. आता माझ्यासारखीच दोन-तीन मुलंमुली ओळखीतून विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

सुरुवात एका क्लासपासून झाली. नाव घेत नाही. तिथे काउंटरवर मला एमसीएसईचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका सर्टिफिकेटचं, पॅकेज सांगितलं, मोठी फी, आणि "नोकरी पक्की". घरी येऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बघितलं तर एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ लाच बंद झालेलं! आईने पैसे काढून ठेवले होते, ते वाचले ते फक्त त्या रात्री अर्धा तास शोधलं म्हणून. तेव्हा पहिली गोष्ट हीच, फी भरायच्या आधी परीक्षेचा कोड मागा आणि तो कोड कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून ती परीक्षा अजून घेतली जाते का ते बघा. कोड सांगता येत नसेल तर उठून या.

मग मी गुगलचं आयटी सपोर्ट केलं, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर. मी केलं तेव्हा पाच कोर्स होते: बेसिक सपोर्ट, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, सिस्टिम ॲडमिन आणि सिक्युरिटी. सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा नाही, घरीच क्विझ. महिन्याचे पैसे लागतात, पण फायनान्शियल एडचा, म्हणजे फीसाठी मदतीचा, अर्ज करता येतो, तो करा, लाजू नका. बीकॉमवाल्याला पाया म्हणून हे उत्तम आहे, मला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) म्हणजे काय ते इथे पहिल्यांदा समजलं. पण इंटरव्ह्यूला एवढ्यावर कोणी थांबत नाही.

त्यानंतर कॉम्पटियाचं ए प्लस. यात दोन परीक्षा असतात, दोन्हींचे व्हाउचर (परीक्षेचं कूपन) वेगळे, वर जीएसटी, माझ्या एका पगारापेक्षा जास्त गेले. मी जुनी सिरीज दिली, २२०-११०१ आणि ११०२, ती सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, आता १२०१ आणि १२०२ आहे. एक पेपर जुन्या सिरीजचा आणि एक नव्याचा असं चालत नाही, त्यामुळे पहिला झाल्यावर मला दुसऱ्यासाठी जेमतेम अडीच महिने होते आणि ते गणपतीच्या धावपळीत गेले. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, ९०० पैकी पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. सुरुवातीलाच स्क्रीनवर काहीतरी जुळवा, सेट करा असे मोठे प्रश्न येतात, ते मार्क करून पुढे जा आणि शेवटी या. पहिल्या पेपरला मी त्यातच पंचवीस मिनिटं घालवली आणि शेवटचे प्रश्न धावत सोडवले. अभ्यास सगळा ए प्लस शिकवणाऱ्या प्रोफेसर मेसरच्या यूट्यूबवरच्या फुकट व्हिडिओंवर, आणि सिल्व्हर मॉलमधून एक जुना डबडा पीसी आणला होता तो दहा वेळा खोलून जोडला.

आणखी एक, बुकिंग करताना आयडीवर जसं नाव आहे तसंच टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, ते एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. माझं जुळत नव्हतं, ते आधीच लक्षात आलं आणि मेल करून दुरुस्त झालं, सेंटरच्या दारात कळलं असतं तर पैसे गेले असते.

आता कामी काय आलं ते. इथल्या एचआरला ए प्लस फारसं माहीतच नाही, मी तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, एकाच ठिकाणी त्यावर प्रश्न आला. हे वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हेल्पडेस्कवर कामाला बसल्यावर फरक पडला आणि तो खूप पडला.

एका सकाळी अकाउंट्सच्या रांगेतल्या सहा पीसींचं नेट गेलं, बाकी फ्लोअर चालू. आधीची मी असते तर केबल काढून लावली असती, रीस्टार्ट केलं असतं आणि सीनियर सरांना फोन. त्या दिवशी आयपीकॉन्फिग ही पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड मारली तर पत्ता १९२.१६८.० वाला, आणि आमच्या ऑफिसातले सगळे पत्ते १० ने सुरू होतात. १६९.२५४ दिसला असता तर डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पीसींना पत्ते वाटणारा, सापडतच नाहीये एवढं कळलं असतं, पण इथे पत्ता मिळत होता, फक्त भलत्याच कोणाकडून. गेटवेला, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराला, पिंग केलं, एआरपी टेबलातून (कुठला पत्ता कुठल्या डिव्हाइसचा याची यादी) त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसचा स्वतःचा नंबर, घेतला, तो स्विचच्या (सगळ्या वायरी जिथे जोडतात तो डबा) कुठल्या पोर्टवर दिसतोय ते सरांनी काढून दिलं, आणि ती वायर धरत धरत गेले तर एका टेबलाखाली घरचा वायफाय राउटर! मोबाइलला रेंज येत नाही म्हणून कोणीतरी आणलेला, आणि ऑफिसची वायर त्याच्या लॅन पोर्टला लावलेली, म्हणजे तो बसल्या जागी सगळ्यांना पत्ते वाटत होता. ज्याचं उत्तर आधी येईल ते पीसी घेतो, म्हणून त्या सकाळी चालू झालेले सहाच अडकले, ज्यांच्याकडे जुना पत्ता होता ते बचावले. राउटर काढला, रिलीज-रिन्यू करून पीसींना नवे पत्ते घ्यायला लावले, वीस मिनिटांत सगळं चालू. नंतर सरांनी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावलं, म्हणजे भलत्याच डिव्हाइसने पत्ते वाटले तर स्विच ते अडवतो, आणि मला शेजारी बसवून दाखवलं. त्या दिवसापासून नेटवर्कची तिकिटं माझ्याकडे यायला लागली, मला यातच सर्टिफिकेटचे पैसे वसूल झाले असं वाटतं.

प्रिंटरचंही तसंच. पानावर काळा ठिपका परत परत येत होता, मी पट्टी लावून मोजलं तर प्रत्येक वेळी तेवढंच अंतर. सारखं अंतर म्हणजे फिरणाऱ्या भागावर डाग, ड्रम किंवा रोलर. काट्रिज बदललं, प्रश्न संपला, नाहीतर अख्खा प्रिंटर दुरुस्तीला जाणार होता.

एमडी-१०२ मी का केलं त्याचं कारण साधं आहे. तीन महिन्यांची माझी तिकिटं एक्सेलमध्ये काढली आणि बघितलं, जवळपास निम्मी लॉगिन, टीम्स, आउटलुक आणि नवीन लॅपटॉप इंट्यूनमध्ये (ऑफिसातले लॅपटॉप दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) घेण्याची होती. म्हणजे रोज जे करते त्याचीच परीक्षा. १००० पैकी ७०० लागतात. एक वर्ष चालतं आणि रिन्यू मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट, घरी बसून. ऑटोपायलट (नवा लॅपटॉप आपोआप सेट करणं), कम्प्लायन्स पॉलिसी (लॅपटॉपने पाळायचे ऑफिसचे नियम) हे मी आधी नुसतं क्लिक करायचे, आता लॅपटॉप का ब्लॉक झाला ते पॉलिसीत बघून सांगता येतं. पगार वाढला तो यावर वाढला, ए प्लसवर नाही, मॅनेजरने तसं तोंडावर सांगितलं.

म्हणून कोणी विचारलं तर मी असं सांगते, अजून नोकरीच नसेल आणि घरून पैशाची ओढ असेल तर गुगलचं करा आणि मेसर बघून ए प्लसचा सिलॅबस शिका, परीक्षा लगेच नाही दिली तरी चालेल. नोकरीत असाल तर आधी तुमची तिकिटं काढून बघा, ऑफिस मायक्रोसॉफ्टवर चालत असेल तर एमडी-१०२, दिवसभर स्विच-राउटरच बघत असाल तर सरळ सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. डम्प, म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न-उत्तरं, मात्र घेऊ नका, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि ते नाही झालं तरी टेबलाखालचा राउटर डम्पने सापडत नाही.

ए प्लस तीन वर्षांनी संपतं. टिकवायचं तर २० सीईयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) गोळा करायचे किंवा नेटवर्क प्लससारखी वरची परीक्षा द्यायची, त्यात ते आपोआप रिन्यू होतं. मी अजून ठरवलं नाहीये, सध्या पैसे सीसीएनएसाठी साठवतेय. रात्री जेवण झाल्यावर पॅकेट ट्रेसर (पीसीवरच खोटं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) उघडते, तो फुकट आहे, आणि सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायचं गणित, वहीत हाताने करते. /२६ (हा आकडा तुकड्याचा आकार सांगतो) पर्यंत आता कागद लागत नाही, /२७ ला अजून लागतो.