ओठावरच्या तापाच्या फोडांसाठी असायक्लोव्हिर क्रीम, माझा अनुभव

तापातून उठलं किंवा जागरणं झाली की माझ्या ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, आई म्हणते ताप बाहेर पडला. त्यावर मी असायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम लावते आणि फरक पडतो, पण वेळेवर लावली तरच. ओठ चुरचुरायला लागला की लगेच, फोड दिसायच्या आधीच सुरू करायची, दिवसातून ५ वेळा. खपली धरल्यावर अख्खी ट्यूब संपवली तरी उपयोग नाही. वेळेवर लावूनही एखादा दिवस लवकर सुकतं एवढंच, पण घरात लग्नकार्य असेल तर तेवढंही खूप वाटतं. महाग नाही, मेडिकलमध्ये सहज मिळते. माझ्याकडून ५ पैकी ४.

पण मला मुळात लिहायचंय ते या औषधामागच्या शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन बाईंबद्दल. न्यूयॉर्कच्या. आजोबा कॅन्सरने गेले तेव्हा या पंधरा वर्षांच्या, तेव्हाच ठरवलं की यावर औषध शोधायचं. १९३७ ला केमिस्ट्रीची डिग्री घेतली आणि लॅबमध्ये नोकरी मागायला गेल्या तर एका ठिकाणी सांगितलं, तुम्ही आलात तर इथल्या पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही! मग शाळेत शिकवलं, एका कंपनीत लोणच्याचा आंबटपणा तपासायचं काम पण केलं. १९४४ ला बरोज वेलकम या औषध कंपनीत लागल्या, पीएचडी सोडावी लागली कारण कॉलेजला फुलटाइम विद्यार्थी हवा होता, आणि तरी १९८८ चं नोबेल! ल्युकेमियाचं म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं मर्कॅप्टोप्युरिन, गाऊटचं म्हणजे सांधे सुजण्याच्या एका आजाराचं ॲलोप्युरिनॉल, सगळं त्यांच्या आणि त्यांचे तिथले बॉस जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलेलं.

असायक्लोव्हिर कसं चालतं हे त्यांच्या टीमने उलगडलं. हे फोड आणणारा व्हायरस शिरलेल्या पेशीतच ते जागं होतं, कारण त्याला चालू करणारं एन्झाइम व्हायरस स्वतःच बनवतो. चांगल्या पेशींना फारसा धक्का नाही. किती भारी डोकं लावलंय!

याच औषधाच्या गोळ्या नागिणीवर देतात. आपल्याकडे अजून काव लावतात, मंत्र टाकून घेतात आणि नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो म्हणून पेशंटला घाबरवतात, तसं काहीही नसतं. प्लीज ३ दिवसांच्या आत डॉक्टर गाठा, डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी, आणि नागिणीला ही क्रीम लावून घरी बसू नका.