चहा सांडल्यावर थिंकपॅड एक्स230 चा कीबोर्ड: धुवायचा की बदलायचा?

सेकंडहँड बाजारात अजून दिसणाऱ्या लेनोवोच्या थिंकपॅड एक्स230 लॅपटॉपमधली सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे त्याचा कीबोर्ड सुटा निघतो. आजच्या बहुतेक बारीक लॅपटॉपमध्ये तो प्लास्टिकच्या डझनावारी रिव्हेट वितळवून वरच्या पॅनेलला बसवलेला असतो. तिथे कीबोर्ड बदलायचा म्हणजे ते सगळे रिव्हेट तोडा, नाहीतर अख्खं पॅनेलच घ्या. शिवाय थिंकपॅडच्याच टी430, टी430एस, टी530 आणि डब्ल्यू530 या मॉडेलना हाच कीबोर्ड चालतो, त्यामुळे 2012 चं मॉडेल असूनही पार्ट शोधत फिरावं लागत नाही.

कीबोर्डला निचऱ्याची भोकं आहेत, सांडलेलं पाणी बरंचसं त्यातून खाली निघून जातं. पण ही सोय पाण्यापुरतीच समजा. दूध-साखरेचा चहा कळांखालच्या मेंब्रेनमध्ये शिरतो. मेंब्रेन म्हणजे प्लास्टिकचे तीन पातळ थर, त्यातल्या दोहोंवर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेघा छापलेल्या. थरांमध्ये ओल राहिली आणि वीज चालू असली की रेघ गंजून तुटते. कळा आडव्या-उभ्या जाळ्यात जोडलेल्या असल्यामुळे एका तुटलेल्या रेघेवरच्या सगळ्या कळा एकदम जातात. अशा कीबोर्डवर धुण्याची मेहनत वाया जाते. एखादीच कळ चिकट झाली असेल, तर मात्र साखर कळेखालच्या रबराच्या छोट्या घुमटापाशी (डोम) अडकलेली असते आणि साफसफाईने काम भागू शकतं.

इथे एक चूक सर्रास होते: थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. आधी सुटा काढलेला कीबोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग 99 टक्के अल्कोहोल फिरवून पाणी बाहेर काढा आणि उभा ठेवून निदान 48 तास वाळवा. हेअर ड्रायर नको, उष्णतेने कळा वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने साखर कुठेच जात नाही.

बदलायचा असेल तर चार्जर आणि बॅटरी काढा. खालच्या बाजूला कीबोर्डचं चिन्ह असलेले दोन स्क्रू सोडवा, कीबोर्ड किंचित स्क्रीनकडे सरकवा आणि हाताकडची कड उचला. पूर्ण उचलायची घाई करू नका, खाली मदरबोर्डला जाणारी वायरची चपटी पट्टी जोडलेली असते. कनेक्टर सरळ वर सोडवायचा, पट्टीला धरून ओढायचं नाही. आता नवा लावण्याआधी खाली टॉर्च मारा. मदरबोर्डवर चिकट डाग किंवा पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर मऊ ब्रशने अल्कोहोल लावून साफ करा. हे टाळलं तर नवा कीबोर्ड चालेल, पण खालची गंज आपलं काम करतच राहील.

नवा बसवताना कनेक्टर अंगठ्याने सपाट दाबा. तो अर्धवट बसला की काही कळा किंवा लाल ट्रॅकपॉइंट (कळांमधली, माउससारखा बाण हलवणारी छोटी गुंडी) चालत नाही आणि लोक दुकानदाराला दोष देतात.

खरेदीबाबत आमचं मत ठाम आहे: ‘कॉम्पॅटिबल’ म्हणून मिळणाऱ्या नव्या नकलेपेक्षा दुसऱ्या मशीनमधून काढलेला अस्सल कीबोर्ड घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे पार्ट मिळतात. नकलेत मधला भाग दाबला की लवतो आणि ट्रॅकपॉइंटचा बाण आपोआप सरकत राहतो, टायपिंगची मजाच जाते. जुन्यात मागच्या पत्र्यावर गंज किंवा चिकटपणा नाही ना ते बघा, कळा गुळगुळीत होऊन चमकत असतील तर भाव पाडा. पैसे देण्याआधी तो लॅपटॉपला जोडून प्रत्येक कळ दाबून बघा. बॅकलाइटवाला (कळांखाली दिवा असलेला) असेल तर एफएन (Fn) कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून दिवा लावून बघा, कारण तो भाग दुकानात तपासायचा बहुतेकदा राहून जातो.