उरण की मांडवा? पोरंबाळं आणि आजींना घेऊन समुद्रावर जायचं असेल तर

माझी ठाण्याची नणंद दर डिसेंबरात तोच प्रश्न विचारते, वहिनी, पोरांना समुद्रावर न्यायचंय पण मोठ्या लाटा नकोत, सासूबाईंना बसायला सावली हवी, आणि रात्री घरी परत यायचंय, कुठे जाऊ? आणि दरवेळी मी फोनवर अर्धा तास बोलते आणि पुढच्या वर्षी ती परत विचारते. म्हणून यंदा लिहूनच काढते, तुमच्यापैकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आम्ही नेरुळला राहतो. नवी मुंबईत राहून बीच नाही हे बाहेरच्या लोकांना पटतच नाही, कारण इथे सीवूड्स नावाचं स्टेशन आहे, वाशीला मिनी सीशोर आहे, नावं सगळी समुद्राची, पण वाळू बघाल तर मूठभर नाही, नुसती खाडी, खारफुटी आणि चिखल. त्यामुळे एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर आमच्यासाठी खरे दोनच पर्याय, उरणचा पिरवाडी बीच किंवा अलिबागकडचा मांडवा. दोन्ही मुंबई बंदराच्या तोंडाशीच आहेत, एक करंजाच्या खाडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे, म्हणून पावसाळा सोडला तर इथलं पाणी एरवी बऱ्यापैकी शांत असतं. उरण तर मूळचं बेटच, करंजा बेट, मधल्या खाड्यांमध्ये मिठागरं आणि भराव होत होत ते जमिनीला चिकटलं. मांडवा बेट नाही, पण आम्ही बोटीने जातो म्हणून आमची धाकटी त्यालाच बेट म्हणते आणि उरणला गाव म्हणते. आता काय समजावणार.

आधी पोहोचायचं बघू. उरणची लोकल हे आमच्यासाठी वरदान आहे. खारकोपरपर्यंत गाडी २०१८ मध्ये आली होती, पुढे उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. नेरुळ किंवा बेलापूरला बसायचं, गर्दी हार्बर लाइनच्या मानाने काहीच नाही, आणि न्हावा शेवा आलं की खिडकीतून कंटेनरच कंटेनर, लाल निळे हिरवे, एकावर एक रचलेले, वर त्या अवाढव्य क्रेन. माझा मुलगा बीचपेक्षा त्यासाठीच येतो असं मला कधी कधी वाटतं. उरण स्टेशनला उतरून पिरवाडीसाठी रिक्षा करायची, भाव आधी ठरवून घ्या. एकच गोष्ट, गाड्या लांब लांब अंतराने आहेत, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर ओल्या कपड्यातली दोन पोरं घेऊन बसायचं म्हणजे काय ते मी एकदा भोगलंय. परतीच्या गाड्यांच्या वेळा सकाळीच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

मांडव्याला जायचे दोन रस्ते. गाडी घेऊन पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग रोड असं जाता येतं, पण शनिवारी सकाळी वडखळला जे अडकतात ते दुपारच्या जेवणालाच पोहोचतात, लहान मुलं असतील तर या वाटेला जाऊ नका. दुसरा म्हणजे बोट. गेटवेवरून लाँच आणि कॅटमरान असतात, पण पावसाळ्यात त्या बंद. आमच्यासारख्यांना भाऊच्या धक्क्यावरची रो-रो सोयीची, ती २०२० पासून चालू आहे, साधारण तासाभराचा प्रवास, तुमची कारही आत घेतात. नेरुळहून हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरा आणि टॅक्सी करा, किंवा कार असेल तर अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून धक्का, फक्त कारचा २५० रुपये टोल आहे एका बाजूचा, तो आणि रो-रोचं कारचं तिकीट मिळवलंत की चौघांचा दिवस बऱ्यापैकी महागात जातो. आम्ही कार घरी ठेवूनच जातो.

खर्चाचं एवढंच, उरण स्वस्त आणि मांडवा महाग, यात वाद नाही. पण मी तुम्हाला खर्चावरून ठरवू नका म्हणेन, पाण्यावरून ठरवा.

आता मुद्द्याचं. आम्ही पहिल्यांदा उरणला गेलो तेव्हा मी मस्त सगळं पॅक केलं, बादल्या, फावडी, टॉवेल, कापून कलिंगड, दुपारी साडेबाराला किनाऱ्यावर पोहोचलो आणि बघते तर पाणी पार लांब. मध्ये सगळा काळपट ओला पट्टा. धाकटी धावत सुटली, पन्नासेक पावलांवर तिचा एक क्रॉक्स चिखलात रुतला तो रुतलाच, नवरा कोपरापर्यंत हात घालून शोधतोय, हाताला क्रॉक्सऐवजी शिंपला लागतोय, आणि माझ्या सासूबाई मागे बंधाऱ्याच्या कठड्यावर बसून शांतपणे म्हणतात, आज अष्टमी आहे, दुपारी पाणी कसं असेल? पंचांग बघायचं आधी, मग डबा भरायचा.

सासूबाई उरणकडच्याच. त्यांचं गणित असं, आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल असो की कृष्ण, फरक नाही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती, आणि मधे बाराला ओहोटी. चतुर्थी असेल तर तीनला भरती आणि नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कोळी लोक हे पिढ्यानपिढ्या वापरतात आणि यात जादू नाही, भरती रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा येते, चंद्र उशिरा उगवतो तसं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मी मोबाईलवर टाईड टेबल काढून ताडून बघते आणि दरवेळी सासूबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसतात. नणंदेला हे लहानपणापासून माहीत असायला हवं खरं तर, तिचीच आई आहे, पण तिला आईचं ऐकायची सवय नाही.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब जातं, येताना-जाताना ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, सगळं संथ. आमचा क्रॉक्स अष्टमीलाच गेला म्हणजे बघा, अमावस्येच्या आसपासची ओहोटी असती तर पाणी दिसायलाही दुर्बीण लागली असती. लहान मुलांना शक्यतो भांगाच्या दिवसात न्यायचं, आणि पाणी चढत असताना.

यावरून माझं ठरलेलं सूत्र, मांडव्याला चतुर्थी, उरणला अष्टमी.

मांडवा दिवसभराचा प्लॅन आहे, सकाळच्या बोटीने दहा-अकराला पोहोचता आणि चार-पाचला परत निघता, मग चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळीच उरकलेली असते आणि तुम्ही आहात तोपर्यंत पाणी हळूहळू वर येत राहतं, पोरं त्याच्याबरोबर मागे मागे सरकत किल्ले बांधतात. संकष्टी आली तर उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी घ्या, बाकी अडचण काही नाही. उरण संध्याकाळचं आहे. अष्टमी-नवमीच्या रविवारी जेवून, झोपून, चारला पोहोचा, पाणी चढत असतं, सहाच्या आसपास पूर्ण भरतं आणि समोर सूर्य बुडतो. उधाणाच्या भरतीला मात्र पिरवाडीला जाऊ नका, पाणी पार दगडी बंधाऱ्याला येऊन धडकतं, वाळू उरतच नाही आणि मुलं मग दगडांवर चढतात. त्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, कडा अगदी ब्लेडसारख्या, शेवाळ वेगळंच. आमच्या मुलाच्या पोटरीवर अजून वण आहे. शांत दिसतं म्हणून गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, दोन्हीकडे.

आजींच्या बाजूने बघायचं तर उरण सरळ जिंकतं. रिक्षा जवळपर्यंत जाते, कठड्यावर बसलं की पोरं नजरेसमोर, कंटाळा आला तर केगावचं माणकेश्वराचं देऊळ जवळ आहे तिथे दर्शन आणि परत समुद्रच. बाथरूमची सोय मात्र बेताची, घरून निघताना उरकून घ्या आणि ओले कपडे बदलायला एक जुनी साडी जवळ ठेवा, दोघींनी धरली की झाली चेंजिंग रूम. मांडव्याला रो-रोमध्ये आत बसायला छान जागा, एसी, बाथरूम, सगळं आहे, पण उतरल्यावर जेट्टीवरून चालायला बरंच आहे आणि दुपारचं ऊन वरून. गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारात घ्या. लाँचने जाणार असाल तर हलत्या बोटीत पाय टाकायचा प्रसंग येतो, सासूबाई एकदा तिथूनच मागे फिरल्या होत्या, बोटवाल्या पोराने हात दिला तरी. लाइफ जॅकेट दिलं तर घाला, नाही दिलं तर मागून घ्या. एकदा आम्हाला मुलांच्या मापाची नाहीत असं सांगून मोठी गळ्यात अडकवली होती, तेव्हापासून आम्ही स्वतःचीच दोन घेऊन जातो.

मोरा बंदराचं पण विचारतात लोक, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच आहे, मुंबईकडून उरणला येणाऱ्यांना मजेशीर आहे, पण मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला बोटी थांबतात. म्हणजे परत पंचांग.

खाण्याचं फार लिहीत नाही. उरणला वडापाव, भजी, शहाळं आणि येताना मार्केटमधून सुके बोंबील. मांडव्याला जेट्टीजवळ बसून खायची हॉटेलं आहेत, भाव मुंबईचे. मुलांना मात्र तिथून समोर हवा स्वच्छ असेल तर मुंबईच्या इमारती दिसतात, आपण तिकडून आलो हे त्यांना खरंच वाटत नाही. पुढे किहीम किंवा अलिबागपर्यंत जायचा मोह होईल, ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं वगैरे, पण एका दिवसात लहान मुलांबरोबर ते नका करू, त्यासाठी मुक्काम करा.

ठाणेकर म्हणतील मग उत्तन-गोराई काय वाईट, जवळ पडतं. घोडबंदर रोड रविवारी जवळ पडतो असं म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. उत्तन बघायला सुंदर आहे, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील, रंगवलेल्या होड्या, पण तो मासेमारीचा किनारा, पाण्यात खेळायचा नाही. आणि गोराईला समोर उघडा समुद्र, लाटांचा जोर वेगळाच, चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी नाही जाणार.

तर सासूबाई बरोबर असतील, बजेट बेताचं असेल, किंवा पोरं पाच वर्षांच्या आतली असतील तर उरण, अर्धा दिवस, संध्याकाळ. मुलं सहा-सातच्या पुढची असतील आणि त्यांना बोटीचंच कौतुक असेल तर मांडवा, कारण खरं सांगू का, मांडव्याला मुलांना बीच आठवत नाही, बोटीच्या मागे उडणारे सीगल आठवतात. त्यांना शेव टाकू नका, सगळे टाकतात, आमच्यापैकीही एक जण टाकतो, नाव सांगत नाही.

हे सगळं मी नणंदेला काल पाठवलं. तिचा रिप्लाय आला, वहिनी थँक्यू, मांडवा फायनल, २७ ला जातोय. मी कॅलेंडर बघायला उठले तर सासूबाई आतून ओरडल्या, तिला सांग आधी तिथी बघ म्हणावं.