ट्यूब अ‍ॅम्प घेण्याआधी स्पीकरची पाठ बघा

आमच्या इंदूरच्या रामबागेतले शेजारी काका यंदा निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावलाय: घरी ट्यूब अ‍ॅम्प आणायचा. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो काचेचा व्हॉल्व्ह, आणि अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. काकांच्या वडिलांकडे असाच व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावला की आधी नुसता उजेड, मग हळूहळू आवाज भरत यायचा आणि इंदूर केंद्रावरचं गाणं सगळ्या वाड्यात ऐकू जायचं. तो आवाज त्यांना परत हवाय. खर्चाची मर्यादा ५० हजार, स्पीकर आहेत तेच ठेवायचे, हॉल १२ बाय १४ फुटांचा. असा विचार करणारे काका एकटे नसणार, म्हणून त्यांच्यासाठी केलेली खटपट इथे लिहून काढतो.

तीन अ‍ॅम्प जमवले. एक माझा, दोन मित्रांकडून मागून आणलेले. सलग तीन रविवार काकांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच स्पीकरवर लावून ऐकले. ऐकायला काय घ्यायचं हा प्रश्न इंदूरमध्ये पडत नाही: अमीर खाँ साहेबांचा झुमऱ्यातला विलंबित, लताबाईंची भरगच्च वाद्यवृंदाची जुनी गाणी आणि एक तबला सोलो.

पण त्याआधी स्पीकर. काकांच्या स्पीकरच्या पाठीवर ८६ डेसिबल, ८ ओहम असं लिहिलंय. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. आता ५ वॅटचा अ‍ॅम्प जोडला तर एक मीटरवर ९३. आपण बसतो तीन मीटरवर. अंतराने आवाज घटतो, खोलीच्या भिंती आणि दुसरा स्पीकर मिळून थोडा परत देतात, म्हणजे कानाशी ८७-८८ धरा. हा झाला कमाल आवाज. गाण्यातले उंच क्षण सरासरीच्या १५ डेसिबल तरी वर जातात, म्हणून स्वच्छ ऐकायचं तर सरासरी ७२-७३च्या आसपास ठेवावी लागते. ख्यालाला हे पुरतं. वाद्यवृंद उसळला की पुरत नाही. हाच अ‍ॅम्प ९१ डेसिबलच्या स्पीकरला लावला, तर तो ८६वाल्या स्पीकरवर १५-१६ वॅट लावल्यासारखा वाजेल. पाच डेसिबलचा फरक म्हणजे तिपटीहून जास्त वॅट. एक सावधगिरी: आकडा ‘२.८३ व्होल्टला’ असा दिला असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर त्यातून ३ वजा करा, कारण तिथे एक नव्हे, दोन वॅट जातात.

पहिला अ‍ॅम्प हायब्रिड. दहा हजारांच्या आसपास मिळतो, तळहातावर मावतो, वर दोन छोट्या ट्यूब, बहुधा ६जे१ किंवा तसल्याच. या ट्यूब फक्त सुरुवातीच्या टप्प्यात असतात; स्पीकरला ढकलायचं काम आतली क्लास-डी चिप, म्हणजे कमी विजेत चालणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट, करते. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ असते. खोक्यावर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असलं तरी त्या चिपच्या डेटाशीटमध्ये ४ ओहमला प्रत्येकी ५० वॅट आहेत, तेही २१ व्होल्टवर आणि १० टक्के विकृतीला, म्हणजे मूळ आवाजात तेवढी भेसळ झाल्यावर. वाजतो मात्र छान, हे मोकळेपणाने सांगतो. डग्गा घट्ट वाजला, काकांचे स्पीकर त्याने सहज पेलले, वीज नावापुरती खाल्ली. पण हा चिपचा आवाज आहे, वर ट्यूबची किंचित छटा. आणखी एक गोष्ट बघून घ्या. काहींमध्ये ट्यूबच्या बुडाशी नारिंगी एलईडी बसवलेला असतो. बटण दाबल्या दाबल्या काच तळापासून सारखी उजळली, तर तो एलईडी. खरा हीटर, म्हणजे ट्यूबमधली तापणारी तार, दहा-पंधरा सेकंद घेतो आणि मधल्या बारीक नळीच्या टोकाशी मंद लाल होतो. एलईडी आहे म्हणून अ‍ॅम्प वाईट ठरत नाही, पण तो उजेड बघून ट्यूबच्या आवाजाचे पैसे मोजू नका.

दुसरा माझा स्वतःचा: ईएल ८४ नावाच्या ट्यूबचा, सिंगल एंडेड. म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला स्पीकर ढकलणारी एकच पॉवर ट्यूब. फिलिप्सच्या जुन्या डेटाशीटमध्ये या जोडणीत २५० व्होल्टवर ५.७ वॅट दिलेत, तेही १० टक्के विकृतीपर्यंत ताणून. स्वच्छ म्हणावेत असे तीन-चारच. घरपोच येईपर्यंत सीमाशुल्क आणि जीएसटी धरून तीस-पस्तीस हजारांच्या घरात जातो. अमीर खाँ साहेबांचा मंद्रातला आवाज या अ‍ॅम्पवर ऐकला तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त आवाज कमी करायला पुढे केलेला हात मागे घेतला. तानपुऱ्याची जवारी वेगळी उभी राहते, गळ्यामागची खोली जाणवते. हे ट्यूब स्वतःहून मिसळते त्या दुसऱ्या हार्मोनिकचं काम आहे. तो मूळ सुराच्या नेमका वरच्या सप्तकातला सूर, त्यामुळे कानाला बोचत नाही, भरल्यासारखा वाटतो. मग तबला सोलो लावला. डग्ग्याची घुमक लोंबकळली. घिस्सा संपला तरी स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, हलतच होता, कारण अशा अ‍ॅम्पची कोनवरची पकड सैल असते. लताबाईंच्या गाण्यात व्हायोलिनं एकदम उठली तिथे आवाज चेपला गेला. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर हा अ‍ॅम्प गायनाचा आहे, सगळ्याचा नाही.

माझ्या या अ‍ॅम्पची एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण तीच चूक तुमच्याकडून होऊ शकते. मी घेतला तेव्हा विक्रेत्याने ‘भारतात चालतो’ एवढंच सांगितलं. मागच्या पट्टीवर २२० व्होल्ट छापलेलं होतं, ते मी वाचूनही सोडून दिलं. दीड वर्षात चारपैकी तीन ट्यूब ढेपाळल्या आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावला की चटका बसायचा, वार्निश तापल्याचा वास यायचा. शेवटी एका रात्री अकरा वाजता मल्टीमीटर लावला. भिंतीत २४६ व्होल्ट. २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४६ दिले, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर जातो. सगळी भट्टी बारा टक्के वर, आणि ट्यूबची सहनशक्ती दहाच्या आत. विक्रेत्याने पुढे फोन उचलला नाही. उपाय मात्र इथेच झाला. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने २४ व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी, म्हणजे २४ व्होल्टची गुंडाळी, उलट दिशेने लाइनमध्ये जोडून दिली. तेवढे व्होल्ट वजा होतात आणि अ‍ॅम्पला २२० मिळतात. हे काम घरी करू नका, जाणकाराकडूनच करून घ्या. रिलेवाल्या स्टॅबिलायझरवरही मी लावून पाहिलं, पण रिले बदलली की टक्क असा आवाज स्पीकरमधून येतो. ऐन विलंबितात तो असह्य होतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घूं करत राहतो.

तिसरा, ईएल ८४ पुश-पुल. इथे एका बाजूला दोन पॉवर ट्यूब, एक ढकलते, एक ओढते. त्याच डेटाशीटमध्ये ३०० व्होल्टवर १७ वॅट, आणि विकृती ४ टक्के. दोन ट्यूबचे डीसी प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात, त्यामुळे लोखंडावर डीसीचा बोजा राहत नाही, पुरवठ्यातली घरघरही बरीचशी तिथेच खोडली जाते. हा काही नवा शोध नाही. १९५०च्या दशकात मलार्ड कंपनीने छापलेलं ५-१० सर्किट, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, याच ईएल ८४ च्या जोडीवर होतं आणि आजचे कित्येक स्वस्त अ‍ॅम्प त्याच्याच अंगणात फिरतात. काकांच्या हॉलमध्ये याने तिन्ही प्रकारचं गाणं निभावलं. डग्गा हायब्रिडइतका घट्ट नाही, पण हातात राहिला. व्हायोलिनं उठली तेव्हा आवाज चेपला नाही. मंद्रातली ती जवळीक सिंगल एंडेडपेक्षा थोडी कमी, हेही खरं.

पुश-पुल नवा घेतला तर ५० हजारांच्या पुढे जातो. म्हणून सेकंडहँड, किंवा जाणकाराने बांधलेला. आता ट्रान्सफॉर्मरविषयी, कारण सगळे पैसे तिथे असतात. ईएल ८४ ला पुढे पाचेक हजार ओहमचं ओझं लागतं आणि आपला स्पीकर असतो ८ ओहमचा. ही सांगड आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो, साधारण २५ वेढ्यांना १ वेढा या हिशेबाने. खालचे सूर नीट यायला त्यात लोखंड भरपूर लागतं. म्हणून अ‍ॅम्प उचलून बघा. माझा सिंगल एंडेड ६ किलो भरला, मित्राचा पुश-पुल ११. ट्यूब महिन्याभरात बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर हलका निघाला तर तो अ‍ॅम्प कायमचा हलका.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि खोलीतला दिवा घालवा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबमध्येही असते. पण प्लेट, म्हणजे आतला करडा पत्रा, लालसर होऊ लागला तर लगेच बंद करायला सांगा. बायस, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह आवरून धरणारा व्होल्टेज, बिघडलाय किंवा कपॅसिटर गळतोय. ट्यूबच्या डोक्याशी आतून चंदेरी लेप असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ट्यूब संपली. गाणं न लावता, आवाजाचं बटण शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. हातभर अंतरावरून घूं ऐकू आलं तर किंमत कमी करून मागा किंवा सोडून द्या.

ईएल ८४ चा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये या ट्यूब आजही खपतात, व्हॉक्सच्या एसी ३० मध्ये चार असतात, म्हणून स्लोव्हाकियाची जेजे वगैरे कंपन्या त्या अजून बनवतात. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवल्या होत्या. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे बीईएलच्या खोक्यातल्या मिळाल्या तर घेऊन ठेवा. पॉवर ट्यूब दोन ते पाच हजार तास चालते. रोज तीन तास लावलात तर वर्षाला अकराशे तास, म्हणजे दोन-चार वर्षांनी बदलायची. ३०० बी किंवा केटी ८८ या मोठ्या पॉवर ट्यूबचा मोह या बजेटमध्ये नको. ३०० बी सिंगल एंडेडचे जेमतेम आठ वॅट, आणि केटी ८८ चा पुश-पुल मे महिन्यात हॉलमध्ये शेगडी पेटवल्यासारखा तापतो.

काकांनी मंडपवाल्याकडचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही बघून ठेवला होता, स्वस्तात. तो नको. कर्ण्यांच्या लांब तारांसाठी त्याचा आउटपुट १०० व्होल्ट लाइनचा असतो आणि ट्रान्सफॉर्मर बोलण्याच्या पट्ट्यापुरता. भाषणाला उत्तम, तानपुऱ्याला नाही.

घरात नातवंडं असतील तर वर जाळी हवीच. काच भाजते, आणि बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात. अर्थिंग असलेली तीन पिनांचीच वायर वापरा. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माझं मत असं. ८६-८७ डेसिबलचे स्पीकर, सगळ्या प्रकारचं गाणं, आणि ट्यूबचाच आवाज हवा: सेकंडहँड ईएल ८४ पुश-पुल. स्पीकर ९०च्या वर आणि ऐकणं मुख्यतः गायन: सिंगल एंडेड घ्या, त्याच्यासारखा गळा दुसरा कुणी ऐकवत नाही. पंधरा हजारांच्या वर जायचंच नसेल तर हायब्रिड घ्या आणि उरलेल्या पैशांत बरे स्पीकर आणा.

काकांच्या नजरेत एक पुश-पुल आहे, पाठीमागे २२०-२४० चा स्विच असलेला. मल्टीमीटर मी त्यांच्याकडे देऊन ठेवलाय. आठवडाभर सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा, भिंतीतले व्होल्ट वहीत लिहायचे. मग विक्रेत्याला फोन.